बाबांच्या गाडीची पुढची चक्री

देवावर माझा राग होता, हे आधी कबूल करते. ज्या माणसाने बत्तीस वर्षं एकही गुरुवार न चुकवता कन्हान नदीच्या काठावरच्या मठात दत्तमहाराजांसमोर माथा टेकवला, त्याच माणसाची स्मृती महाराजांनी अशी पुसावी, हे मला पटत नव्हतं. बाबा शाळेत गणित शिकवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी ते किराण्याची यादी विसरायचे, मग आपल्याच गल्लीत वाट चुकायला लागले, मग आई गेल्याचं विसरले. गेल्या दिवाळीनंतर मला विसरले. घरात आम्ही दोघंच. सकाळी मी चहा पुढे केला की ते संकोचून म्हणायचे, "तुमी काहून त्रास घेता, बाई?" मी हसून विषय बदलायचे आणि नंतर मोरीत नळ मोठा सोडून उभी राहायचे. एकदा, फक्त एकदाच त्यांनी मला नावाने हाक मारावी, एवढंच मी देवाकडे मागत होते. तेही रागारागानेच.

सगळं गेलं तरी त्यांचा गुरुवार मात्र गेला नाही. वार त्यांना कसा कळायचा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या दिवशी ते स्वतःहून आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, पिशवी खांद्याला लावून फाटकाजवळच्या मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहायचे. गाडी जुनी, दोन स्ट्रोकची, कंपनी केव्हाच बंद पडलेली. ती चालवायला त्यांनीच मला कॉलेजात असताना शिकवलं होतं. कारमध्ये किंवा ऑटोत बसवलं की ते घाबरायचे आणि दाराशी झटापट करायचे. या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र शांत बसायचे. म्हणून दर गुरुवारी मीच त्यांना मानेवाड्याहून सावनेरमार्गे खाप्याच्या मठात न्यायचे. ते आत दर्शन घ्यायचे, मी बाहेर पायरीवर बसून फोन बघत राहायचे.

माघ महिन्यात गाडीची चेन दात सोडायला लागली. उड्डाणपुलाच्या चढावर कडकड असा आवाज व्हायचा आणि इंजिन नुसतंच गरगरायचं. आमचे मिस्त्री वासुदेवभाऊ यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि चेन जिच्यावर फिरते ती पुढची दातेरी चक्री काढून माझ्या हातावर ठेवली. तिचे दात झिजून वाघनखांसारखे एका बाजूला वळले होते. "ताई, हे संपली," ते म्हणाले. "मागची भेटून जाईन, पण हे पुढची नाही भेटत आता. दुसऱ्या गाडीची याच्या शाफ्टवर बसतच नाही." त्यांनी वेल्डिंगने दात भरून पाहिले. ते दोन दिवस टिकले. मग मी ती चक्री नमुना म्हणून पर्समध्ये घेऊन फिरू लागले. सुट्या भागांची दुकानं झाली, लेथवाले झाले, भंगारवाले झाले. जो तो हातात घेऊन उलटीसुलटी करायचा आणि परत द्यायचा.

असे पाच गुरुवार गेले. बाबा सकाळी आठला तयार होऊन त्या मुक्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहायचे. उन्हं डोक्यावर यायची तरी हलायचे नाहीत. मी सांगायचे, गाडी बिघडली आहे. ते मान डोलवायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, "निघाचं का आता?" त्यांच्या नजरेत तक्रार नसायची, फक्त ओढ असायची. लहान मूल खिडकीत बसून आईची वाट पाहतं तशी. पाचव्या गुरुवारी दुपारी ते सीटला टेकून उभ्याउभ्याच डुलकी घेताना मला दिसले. त्या रात्री मी देवघरासमोर गेले खरी, पण प्रार्थना केली नाही. भांडले. तुला बाबांची गरज नसेल, पण त्यांना तुझी आहे, एवढं तरी बघ, असं म्हणाले.

पुढच्या सोमवारी ऑफिसमधून लवकर निघून शेवटचं म्हणून इतवारीच्या बाजारात गेले. भांडेओळीच्या मागे एक जुन्या लोखंडाचा व्यापारी आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्याकडेही नव्हती. हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीतून बाहेर पडता पडता पाय इतके भरून आले की एका लहानशा मंदिराच्या ओट्यावर मी बसले. चक्री पर्समधून काढून मांडीवर ठेवली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, याचंही भान नव्हतं. शेजारी साठीचे एक गृहस्थ पाण्याची नवी पितळी गुंडी पोत्यात बांधत होते. माझ्याकडे न पाहता, चक्रीकडे पाहून ते म्हणाले, "चौदा दाताची हाये ना हे?"

मी दात मोजले नव्हते. त्यांनी हातात घेतली आणि अंगठ्याने आतल्या खाचा चाचपल्या. "तेच हाये," ते म्हणाले. "मायाजवळ हाये एक. नवी. पुडक्यातून काढलीच नाही मी."

त्यांनी नाव सांगितलं, पण पुढे मी हे लिहायचं ठरवल्यावर ते कुठं लिहू नका, असं म्हणाले. सावनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या अशाच गाडीसाठी ही चक्री घेतली आणि त्याच आठवड्यात बाजारातून गाडी चोरीला गेली. "गाडी भेटली की बसवू म्हून ठेवली. मग ठेवतच गेलो." त्यांना पितळी गुंडी नातीच्या लग्नासाठी हवी होती. खरं तर ते रविवारीच येणार होते, पण पाहुणे आल्याने सोमवारी आले. हे त्यांनी सहज सांगितलं. मी मात्र ते ऐकून मागे वळून मंदिरातल्या दिव्याकडे पाहिलं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून बसने सावनेरला त्यांच्या घरी गेले. मनात शंका होतीच. पण ते दारातच उभे होते. त्यांच्या पत्नीने गव्हाच्या कोठीमागून पत्र्याचा डबा काढला. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेली चक्री होती, सोबत नटाखाली बसणारा पातळ पत्राही होता. कागद उलगडला तेव्हा ती अशी लखलखली की आम्ही तिघंही तिच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी ती माझ्यापुढे धरली, पण हात काही सुटेना. अठरा वर्षांची वाट होती ती, मी कशी ओढून घेणार? शेवटी त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "देऊन टाका जी आता. गाडीनं काय चिठ्ठी पाठवली, येतो म्हून?" ते हसले आणि चक्री माझ्या ओंजळीत आली. "एक करा, ताई," ते म्हणाले. "खाप्याले जाता जाता गाडी इथं एकडाव उभी करा. आवाज आयकाचा हाये."

बुधवारी संध्याकाळी वासुदेवभाऊंनी चक्री बसवली. ती शाफ्टवर अलगद सरकली. मग त्यांनी नट कसला आणि छिन्नीने पत्र्याची कड नटावर वाकवली. मी विचारलं, हे कशाला? "नट कितीही कसला तरी चालता चालता सुटते, ताई. हा वाकला, का मग नाही सुटत." त्यांचं हे बोलणं त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे. मी आयुष्यभर कसतच आले होते. वाकायचं मला सुचलं नव्हतं.

गुरुवारी बाबा आठला तयार होते. मी किक मारली, गाडी बोलली, आणि ते काही न विचारता मागे बसले. ओढणीने मी त्यांना माझ्या कमरेशी बांधून घेतलं. सावनेरला ते काका रस्त्यावर येऊन थांबले होते. मी इंजिन चालूच ठेवलं. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बाबा त्यांच्याकडे निरखून पाहत होते. मग एकदम म्हणाले, "घ्या ना, एक चक्कर मारून या." कितीतरी महिन्यांत त्यांनी कुणाला असं आपलेपणाने काही म्हटलं नव्हतं. काकांनी डोळे उघडले, ते ओले होते. "नाही जी, गुरुजी. आवाज आयकला, भरून पावलो."

मठात त्या दिवशी गर्दी नव्हती. पहिल्यांदाच मी बाहेर न थांबता बाबांसोबत आत गेले. त्यांनी माथा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. मीही टेकवला. मागायचं ते ओठांवर आलं होतं, बत्तीस वर्षांच्या गुरुवारांचा हवाला देऊन मागावं असंही वाटलं. पण शेजारी बाबांचा शांत चेहरा दिसला आणि काही मागवेना. तुला योग्य वाटेल ते कर, एवढंच म्हणाले. आई गेल्यानंतर इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच म्हटलं असेल.

मग आम्ही घाटावर बसलो. कन्हान संथ वाहत होती, पलीकडच्या वाळूवर बगळे उतरले होते. बाबांनी प्रसादाचा पेढा कागदावर ठेवून बरोबर मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यापुढे केला. मग हात जोडून म्हणाले, "बाई, लय दुरून आणलं तुमी मले. कोण कोणासाठी इतकं करते?"

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले.

"महाराजांनीच धाडलं तुमाले," ते म्हणाले. "माई एक पोरगी हाये घरी. लय जीव लावते मले. वाट पाहत असन ती. घरी गेलो का तिले सांगतो तुमच्याबद्दल."

मी म्हणाले, "सांगा, बाबा."

नावाची हाक मला मिळाली नाही, आणि आता मी ती मागत नाही. त्यांच्या मनात जिथे मी अजून आहे, तिथे मी प्रेमाची आहे, वाट पाहणारी आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. मी मागितलं असतं तर इतकं मोठं मागायचं सुचलंही नसतं. त्यांना घेऊन येणारी ती अनोळखी बाई होण्याचं भाग्य महाराजांनी मला दिलं, त्यांच्या चरणी माझे अनंत नमस्कार. दर गुरुवारी बाबा मला घरी वाट पाहणाऱ्या त्यांच्या पोरीबद्दल काही ना काही सांगतात, आणि मी ऐकते.