प्लायच्या आडचं मशीन

आमच्या कारखान्यात शर्ट शिवतात, आणि शर्ट म्हणजे कॉलर, असं कॉलरताईचं ठाम मत. बाकी सगळं तिच्या लेखी पोतं. "बाह्या काय, कुणीही लावतं," असं ती बाह्या लावणारीच्या तोंडावर म्हणायची आणि वर तिच्याच डब्यातलं उचलून खायची. तरी तिच्यावर रागावणं कुणाला जमलं नाही. मी काज-बटणाला, तिच्या बरोबर मागच्या मशीनवर. तिची पाठ मी माझ्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा जास्त बघितली आहे.

कॉलरचं काम असं: दोन कापडं उलटी ठेवून कडेने शिवायची, टोकाशी सुई थांबवायची, कापड वळवायचं, पुढे शिवायचं आणि मग कॉलर सुलटी करून टोक बाहेर काढायचं. टोक बोथट निघालं तर शर्ट घालणारा नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. ताई डाव्या अंगठ्याने कापड सुईच्या अगदी लगत दाबून धरायची आणि अंगठ्यानेच वळवायची. बोलणं चालू, हसणं चालू, अंगठा जागेवर.

लाईनवरच्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या. नवीन बाई आली की मॅनेजर तिला ताईच्या शेजारी आणून बसवायचा आणि "मावशी, जरा हिच्याकडे बघा" म्हणून पसार व्हायचा. वयाने तो तिच्याएवढाच. पण काम असलं की ती मावशी, नसलं की बाई. ताईच्या मशीनखाली चिंध्यांचा एक खोका असायचा. नवीन बाईने आधी त्या चिंध्यांवर वाकडंतिकडं शिवायचं, ताईच्या शिव्या खायच्या, मगच खऱ्या कापडाला हात लावायचा. मीही त्याच खोक्यातून वर आले. आम्हाला पैसे पीसवर मिळतात, म्हणजे शिकवण्यात गेलेला वेळ ताईच्याच खिशातून जायचा. त्याबद्दल मॅनेजरने तिला कधी अर्धा कप चहासुद्धा पाजला नाही.

मग कॉलरचं मशीन आलं. कापड नीट जागेवर बसलं की आपोआप शिवणारं, आपोआप वळणारं. मॅनेजरने सांगून टाकलं की आता कॉलरची जुनी मशीनं बंद. आम्हाला वाटलं ताई हबकेल. तिचा नवरा आधी ट्रक चालवायचा, गुडघे गेल्यापासून घरी बसून. मुलगी अजून शिकतेय. सगळं घर ताईच्या पगारावर. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मशीनबरोबर ते बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता, आणि दोघांना आठवडाभर शिकवणं मशीनच्या किमतीतच धरलंय, असं त्यानेच चहा पिताना आम्हाला सांगितलं होतं.

"दोघांतली एक मी," ताई म्हणाली. "दुसरी कोण ते तुम्ही भांडून ठरवा."

तिने डोळे तपासून नवा चष्मासुद्धा करून घेतला. नवरा म्हणाला म्हणे, "आता काय विमान चालवणार का?" त्यावर ही म्हणाली, "तुम्ही ट्रक चालवायचात तेव्हा मी हसले होते का?"

ती मॅनेजरकडे गेली तेव्हा मी तिथेच होते, मोडलेल्या सुईचे तुकडे घेऊन. आमच्याकडे नियमच आहे: सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, मॅनेजरपुढे कागदावर जुळवून दाखवायचे, तेव्हा नवी सुई मिळते. एखादा तुकडा शर्टात राहिला आणि गिऱ्हाइकाला टोचला तर? गिऱ्हाइकाच्या मानेची फार काळजी आहे आमच्या कारखान्याला.

"ट्रेनिंगची सोय नाही आपल्याकडे, बाई," मॅनेजर तुकडे जुळवत म्हणाला.

"तो माणूस शिकवायलाच आलाय ना?"

"तो मशीन लावायला आलाय. हे बघा, मागे एकाला बाहेर शिकायला पाठवलं. शिकून आला आणि महिन्यात दुसरीकडे चिकटला. तेव्हापासून मालकांचं धोरण आहे. शिकवलं की पळतात. तयार माणूस घ्यायचा."

"मी कुठे पळतेय? माझे केस इथे पांढरे झाले."

"आणि तुम्ही आठवडाभर शिकत बसलात तर कॉलर कोण करणार? मी?"

खरं कारण हे होतं. ताई उभीच राहिली. मग तिने विचारलं, "मशीनं बंद झाल्यावर माझं काय?" तो म्हणाला, "धागे कापायला उभ्या राहा. पगार थोडा कमी पडेल, पण तुम्हाला काढत नाही, हे बघा ना." म्हणजे वर उपकारही मानायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी माझी सुई घेऊन परत आले. नोकरी मलाही हवी होती.

कंपनीचा माणूस मशीन जोडून निघून गेला. तयार ऑपरेटर आला. बायका येता-जाता थांबून बघायला लागल्या, तर मॅनेजरने मशीनच्या तिन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकून घेतलं, माणसापेक्षा उंच. बघून बघून कुणी काही शिकलं तर? ताई धागे कापायला लागली. तिच्यासमोर प्लाय, प्लायच्या आडून कॉलरी बाहेर येणार आणि त्यांचे लोंबते धागे ती कापणार. ऑपरेटर माणूस वाईट नव्हता. ताईने त्याला एकदा सरळच विचारलं, "मला दाखवशील का?" तो बिचारा खाली बघून म्हणाला, "ताई, तुम्हाला आलं तर मला कशाला ठेवतील?" ताई मला म्हणाली, "खोटं नाही बोलला गं." आणि कात्री चालवत राहिली. त्या दिवसांत ती कुणाच्या डब्यातलं उचलून खात नव्हती.

पुढे काय झालं ते सांगायची गरज आहे का? तयार माणूस दुसरीकडे जास्त पगार मिळाला तसा निघून गेला. न शिकवताच पळाला. मी त्या दिवशी इतकी हसले की काज चुकलं. पण हसू फार टिकलं नाही, कारण ऑर्डर अडकली होती आणि मॅनेजर प्लायला वळसा घालून ताईकडे येत होता.

"मावशी, कॉलरीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? कापड ठेवायचं, हिरवं बटण दाबायचं, बस."

"त्या कंपनीच्या माणसाला बोलवा. दोन दिवस शिकवू दे."

"तो आता यायचे वेगळे पैसे मागतोय. मावशी, जमलं तर मशीन तुमचंच."

मशीन तुमचंच म्हटल्यावर ती विरघळली. मी मागून खुणावत होते, नको म्हणून. तिने माझ्याकडे न बघता नवा चष्मा काढला, पुसला आणि लावला. म्हणाली, "जमेल गं. कॉलरच आहे शेवटी."

पहिल्या काही कॉलरी सुरेख निघाल्या. तिने एक प्लायच्या वरून आम्हाला हलवून दाखवली. मग एक कापड किंचित वाकडं बसलं. वाकडं कापड दिसलं की ताईचा अंगठा आपण होऊन सुईपाशी जातो, जन्मभर गेला होता तसाच गेला. जुन्या मशीनवर पाय उचलला की सुई थांबायची. तिने पाय उचललाही. पण इथे पायाखाली पॅडलच नव्हतं. अशा वेळी लाल बटणावर हात मारायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा आवाज ऐकून आम्ही धावलो, मॅनेजरही आला. रक्त बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि तो म्हणाला, सवयीने असेल, पण हेच म्हणाला: "सुईचे सगळे तुकडे मिळाले का?"

एक तुकडा ताईच्या अंगठ्यात होता.

दवाखान्यात तो काढला, पण आतली शीर तुटली होती. अंगठा आता वाकत नाही. मालक चौकशीला आले तेव्हा मॅनेजरने सगळं खापर तिच्यावर फोडलं. "तिचं ट्रेनिंगच झालेलं नव्हतं साहेब. तिने मशीनला हात लावायलाच नको होता." मी उठून म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं तिला." तो म्हणाला, "मी बघा म्हटलं होतं, चालवा म्हटलं नव्हतं." मालक मान हलवत निघून गेले. मला त्या क्षणी प्लायवूड उपटून दोघांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

मशीनवर कापड पांघरलं गेलं. ऑर्डरसाठी जुनी मशीनं पुन्हा बाहेर काढली, दोन नव्या बायका घेतल्या. त्यांना कॉलर येत नव्हती. मग मॅनेजरचा ताईच्या घरी फोन गेला: मावशी, जरा येऊन त्यांच्याकडे बघता का?

मला वाटलं ती फोन आपटेल. ती आली. हाताला पट्टी, अंगठा काठीसारखा ताठ. चिंध्यांचा खोका ओढून घेतला, दोघींना दोन बाजूंना बसवलं आणि शिव्या घालायला सुरुवात केली. मी मागून ऐकत होते. कापडाचं, दोऱ्याचं, टोकाचं सगळं नंतर. पहिली गोष्ट तिने सांगितली ती ही, की अंगठा सुईच्या लगत ठेवायचा नाही. "मी ठेवायचे, तसा नाही. लांब. इथे." त्या दोघींनी अंगठे मागे घेतले.

आठवड्याने त्यांच्या कॉलरी बऱ्या निघायला लागल्या. मॅनेजरने एक टोक चाचपून बघितलं आणि म्हणाला, "छान. उद्यापासून नाही आलात तरी चालेल, बाई. पुढे काही निघालं तर कळवतो."

संध्याकाळी आम्ही बरोबर बाहेर पडलो. दारावर रोजच्यासारखी पिशव्यांची झडती झाली. रस्त्यावर आल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. "कशाला शिकवलंस त्यांना? तुझ्या जागेवर बसायला?"

"मग काय करू?" ती म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाही म्हणून त्यांचेही अंगठे जाऊ देऊ?"

ती रस्त्याच्या कडेला थांबून झडतीत उघडलेल्या पिशवीची चेन लावायला बघत होती. उजव्या हाताने ओढायची, तर डाव्या हातात पिशवी धरली जात नव्हती, सारखी निसटत होती. दोनदा, तीनदा. शेवटी तिने पिशवी माझ्यापुढे केली आणि मी चेन लावून दिली.