आधी आपलं रक्त

बऱ्हाणपुरात कमी कर्बोदकांच्या आहाराचं मंडळ काढायचं, म्हणजे मावा-जिलबीच्या गावाशी उघड वैर. मी आहारतज्ज्ञ, हौसेने काढलं. पहिल्या बैठकीला लालबाग भागातल्या माझ्या घरी सहा-सात डॉक्टर मंडळी जमली. लोधीपुऱ्यातले सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो, जिलबीचा डबा घेऊनच आले. "शुभ काम आहे, तोंड गोड करा!" सगळ्यांनी आजच्यापुरती खाल्ली. मग मी चिकट बोटांनी इन्सुलिनवर व्याख्यान दिलं.

दुसऱ्या बैठकीत आमच्या पॅथॉलॉजिस्ट ताई म्हणाल्या, "लोकांना शिकवायच्या आधी आपलं रक्त तपासू." बाह्या वर झाल्या. रिपोर्ट आले तेव्हा माझी साखर काठावर होती आणि सरांची काठ ओलांडून बरीच पुढे.

"मशीन एकदा चेक करवून घ्या," सर म्हणाले.

"कालच केलीय, सर. परत काढू का रक्त?"

सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पुढच्या दोन बैठकांना ते आलेच नाहीत.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. सर जेवत होते. ताटात भरीत, दोन अंडी, काकडी आणि अर्धीच भाकरी. मला बघून त्यांनी ताटावर चक्क पेपर धरला.

"मंडळात सांगू नका, बाई."

"त्यात लाजण्यासारखं काय आहे, सर?"

"इतकी वर्षं पेशंटवर ओरडलो, ‘मीठा बंद करो!’ आता कळतंय किती जड जातं. लग्नात मांडे समोर आले की हात कसा आवरायचा, हे तुमच्या व्याख्यानात होतं का?"

नव्हतं. माझ्या व्याख्यानात यकृताचं रंगीत चित्र होतं.

पुढच्या बैठकीला सर आले आणि त्यांनी खिशातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. भूक, चिडचिड, बायकोशी झालेली भांडणं, सगळं सांगितलं. तोवर गप्प बसणारे धूलकोट गावचे डॉक्टर एकदम म्हणाले, "सर, माझ्याकडे मजूर येतात. त्यांना रोज अंडी-पनीर कुठून परवडणार? त्यांना काय सांगू?" त्या दिवशी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मंडळ खरं तर तेव्हाच सुरू झालं.

सरांची साखर आता बरीच उतरलीय. माझी मात्र हट्टी आहे. सर दर रविवारी फोन करतात, "बाई, आज काय खाल्लं?"

मी खरं सांगते. बहुतेक वेळा.