हॅमस्टरची जोड लावताना

वर्ध्याजवळच्या देवळी गावात मी एकटी राहते. पुढे शिवणकामाचं दुकान, मागे एक खोली, आणि मी मजेत राहते. हे मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता तोंडपाठ झालंय. पटत नव्हतं ते फक्त बाबांना. दर शनिवारी ते अल्लीपूरहून यायचे, पिशवीत मळ्यातली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पिशवी खाली टेकायच्या आत प्रश्न ठरलेला, "एकटी काऊन राहतं बाई? घरी भाऊ आहे, भावजय आहे. चाल घरी." मागच्या हिवाळ्यात तर त्यांनी कहरच केला. महिनाअखेर पोरगी खोली सोडणार, असं घरमालकाला परस्पर सांगून मोकळे झाले. मला हे कळलं तेव्हा माझ्या हातात कात्री होती, एवढंच सांगते. मी नाही म्हटलं तरी घरमालक बाबांचाच शब्द धरून बसले.

त्याच दिवसांत माझ्याकडे हॅमस्टर आला. एका गिऱ्हाईक बाईंची नागपूरला बदली झाली. त्या ब्लाऊज घेऊन गेल्या आणि पिंजरा ठेवून गेल्या. तळहाताएवढा सोनेरी जीव, शेपूट नावापुरतं. शेजारीण म्हणाली, "लोकं उंदराले औषध टाकतेत, अन् तू काकडी चारून राह्यली!" हसू दे म्हटलं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. दिवसभर झोपायचा, दिवेलागणीला उठायचा, दोन्ही हातांनी तोंड धुवायचा आणि मग कामाला लागायचा. सूर्यफुलाच्या बिया गालात कोंबायचा, इतक्या की डोकं अंगापेक्षा मोठं व्हायचं, आणि कोपऱ्यात नेऊन लपवायचा. शू करायची जागा एकच, पिंजऱ्याचं दुसरं टोक. दुपारी कोणी उठवलं की चावायचा. दुपारी उठवलं तर मीही चावते.

त्याच्याबद्दलच्या गोष्टी मी हळूहळू शिकले. आधी अंथरायला दुकानातल्या चिंध्या घातल्या, तर धागा त्याच्या पायाला गुंडाळला गेला. तेव्हापासून कागदाच्या पट्ट्या कापून घालते. दात सारखे वाढतात म्हणून कुरतडायला लाकूड लागतं. बाबांनी मात्र शिकण्याची भानगड ठेवली नाही. त्यांनी उभा जन्म बैलं सांभाळली. जनावर म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचा. पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून ते म्हणाले, "सोबत नाई म्हणून गोल गोल फिरून राह्यलं बिचारं. एकट्या जनावराले करमत नाई."

"चाक आहे ते, बाबा. त्याला पळायला आवडतं."

"मले नको शिकवू."

पुढच्या शनिवारी भाजीच्या पिशवीसोबत खोकं आलं. वर्ध्याच्या दुकानातून त्यांनी दुसरा हॅमस्टर आणला होता. नवाही नरच आहे, हे मात्र विचारून घेतलं होतं. आणि मग त्यांनी बैलांची जोड लावतात तशी जोड लावायला घेतली. नवा बैल जुन्याशेजारी बांधायचा असला की दोघांच्या अंगाला एकच वास यायला हवा, ही त्यांची रीत. जुन्याच्या पिंजऱ्यातले कागद काढून त्यांनी नव्याच्या पाठीवर चोळले. एका वाटीत दोघांना चारा ठेवला, कारण एका गव्हाणीत खाल्लं की बैलं शिंगं उगारत नाहीत. मी नको म्हणत होते. पण खरं सांगते, त्या दोघांनी एका वाटीत तोंड घातलं तेव्हा मीही गप्प बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं आणि ते कोणाबद्दल असणार, हे मला ठाऊक होतं.

आठवडाभर सगळं ठीक दिसलं. फक्त जुना चाकावर चढेना आणि नवा घरट्याबाहेर झोपू लागला. शनिवारी संध्याकाळी बाबा चहा पीत असताना पिंजऱ्यातून किंचाळल्यासारखा आवाज आला. दोघांचा एकच गोळा झाला होता. कोण कुठला कळेना, कागदांवर रक्ताचे थेंब. बाबांनी सरळ हात घातला. अंगठ्याला कडाडून चावा बसला. मी मापाचा पुठ्ठा उचलला, ब्लाऊजच्या पाठीचा, आणि दोघांच्या मध्ये सरकवला. जुन्याला मिठाच्या रिकाम्या बरणीत घेतलं. त्याचा कान फाटला होता आणि छाती धडधडत होती.

बाबा अंगठा दाबून उभे होते. जनावराच्या बाबतीत चुकलेले बाबा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला दया यायला हवी होती, पण मी पेटले होते. महिना संपायला चार दिवस उरले होते. म्हटलं, "पाहिलं? हा बैल नाही, बाबा. ह्याची जातच एकटी राहणारी आहे. याच्या घरात दुसरा घातला की दोघंही मरतात. आणि तुम्ही मला न विचारता माझी खोली सोडून आलात!"

मी जुन्याचा कान कोमट पाण्यानं पुसला. बाबांनी नव्यासाठी टोपल्यात कागद अंथरले, वरून चाळणी ठेवली आणि चाळणीवर माझी इस्त्री. मग हात धुऊन खुर्चीवर बसले.

"घरमालकाले सांगतो मी," ते म्हणाले. "पोरगी राहते म्हणतो."

वाद मी जिंकला होता. बाबा तेवढ्यावर थांबले असते तर मी आनंदानं पोळ्या लाटायला बसले असते.

"तू मजेत राहून राह्यली, ते दिसते मले," ते अंगठ्याकडे बघत म्हणाले. "मलेच करमत नाई, बाई. तुयी माय गेली तवापासून संध्याकाळी बोलायले कोणी नाई. पोरं मोबाईल घेऊन बसतेत. तुले सोबत पाहिजे म्हणून 'चाल घरी' नाई म्हणत होतो मी."

इतके शनिवार मी स्वतःची वकिली करत होते आणि समोरचा माणूस माझ्याबद्दल बोलतच नव्हता. मला लाज वाटली, फार वाटली. पण खोली सोडते, असं मी म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं आणि बाबांना खोटं लगेच ओळखू येतं.

परतीच्या बसची वेळ झाली होती. बाबा उठून पिशवी शोधू लागले. मी ती आधीच घडी करून कपाटात ठेवली होती.

"आज नका जाऊ," मी म्हटलं आणि त्यांच्याच बोलीवर आले. "बसा. सांगा मले, आईले पहिल्यांदा पाहाले गेलते तवा काय झालं?"

बाबा बसले.