टिंब, चौकटी आणि महिरपी कंस

नगर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मला कॉम्प्युटरवर नोकरी लागली आणि मी शिरूरला भाड्याची खोली घेतली. आमचं कवठे येमाई काही फार लांब नाही, पण एसटीची आणि ऑफिसची वेळ जुळायची नाही. ऑफिसात मी एकटीच बाई. जेवणाच्या सुट्टीत पुरुषमंडळी डबे घेऊन बाहेर लिंबाखाली बसायची. मला कुणी ‘या’ म्हटलं नाही, ‘येऊ नका’ असंही नाही. मी टेबलाशीच खायचे.

कुठल्या रॅकवर कुठला सुटा भाग किती शिल्लक आहे, हे तक्त्यात दाखवणारं एक पान मी ब्राउझरसाठी तयार केलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडता उघडत नसे. स्टोअरकीपर वयानं मोठे, मोजकंच बोलणारे. म्हणायचे, “मॅडम, तुमचं यंत्र झोपलं बघा पुन्हा.”

मला वाटलं, खोड जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलं होतं तिच्या, ऑब्जेक्टमध्ये असणार. प्रत्येक भागासाठी मी एक रिकामा ऑब्जेक्ट घ्यायचे आणि त्यात नाव, रॅक, शिल्लक अशा प्रॉपर्टी जोडायचे. जोडायच्या तीन रीती मला येत होत्या. टिंब देऊन एकेक, चौकटी कंसात नाव लिहून, नाहीतर महिरपी कंसात सगळं एकदमच. यातली जलद कोणती, हे विचारायला जवळपास कुणी नव्हतं. सुट्टीत डबा बाजूला सारून मीच मोजायला बसले.

एकदा केलं तर वेळ शून्य दिसायचा. म्हणून तेच काम हजारो वेळा करायला लावायचं आणि शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वजा करायची. महिरपी कंस जिंकले. क्रम बदलून पाहिलं, तर जी रीत पहिली चालवावी तीच मागं पडायला लागली. मग प्रत्येक रीत वेगळ्या पानावर, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडून. त्या आकड्यांची मला सोबत व्हायला लागली. सकाळी खोलीला कुलूप लावताना मनात तेच असायचं.

एकदा आप्पा, माझे वडील, मार्केट यार्डात कांदा घेऊन आले होते. विक्रीच्या हिशेबाची पट्टी होईपर्यंत वेळ होता, म्हणून दुपारी थेट कारखान्यावर आले. मी त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि उत्साहानं सगळं दाखवलं. टिंब, कंस, कोण पुढं, कोण मागं. बोलताना कळलं, कितीतरी दिवसांत मी इतकं सलग बोलले नव्हते.

आप्पा पडद्याकडं कमी आणि माझ्याकडंच जास्त बघत होते.

“हे तू रोज जेवायच्या सुट्टीत करती?”

“हो. का?”

“बोलायला कोन हाय का गं तुला हितं?”

“आहेत की, आप्पा. एवढी माणसं आहेत.”

“व्हय,” म्हणाले, आणि टोपी सारखी करून उठले. मी गेटपर्यंत सोडायला गेले, तर “जा, तुझं काम हाय,” एवढंच बोलले.

मी परत येऊन बसले, पण मोजायला हात उठेना. मग वेगळंच करून पाहिलं. ऑब्जेक्ट तसेच भरायचे, फक्त तक्ता पडद्यावर काढायचाच नाही. काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. म्हणजे खोड ऑब्जेक्टमध्ये नव्हतीच. महिरपी कंस जलद होते हे खरं, पण आमच्या एवढ्याशा यादीत त्या फरकाला काही अर्थ नव्हता. सगळा वेळ खात होता तो तक्ता, एकेक ओळ वेगळी काढताना. सगळ्या ओळी आधी जोडून घेतल्या, एकदम पडद्यावर टाकल्या आणि पान चटकन उघडलं.

“आज लवकर आलं,” स्टोअरकीपर म्हणाले. हवा तो रॅक पाहिला आणि निघून गेले.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या बूथवरून गावी शेजारच्या काकूंकडं फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता.

“आप्पा यार्डातनं आले अन् तसेच मळ्यात गेलेत गं. काय निरोप सांगू?”

पान पळायला लागलं, कंसांचा दोष नव्हता, यातलं काकूंना काय सांगणार?

“काही नाही. बरी आहे म्हणावं.”

“बरं, सांगते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.