मूठभर वाळू मागणारा मिस्त्री

कामथडीच्या पुढं एका मिस्त्रीचं गॅरेज हाय. नाव म्या विचारलं न्हाई. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की आमच्या गावाखाली मऊ वाळू उघडी पडते. तिथंच बायकोला अग्नी दिला. वर्षश्राद्धाला तिथवर जायचं होतं. माझे गुडघे गेलेत, आन जीप वाळूत एकच चाक गरागरा फिरवत बसते. मागची दोन्ही चाकं संगं फिरवणारा लॉक बसवावा म्हणून गेलो.

हा मिस्त्री आधी मूठभर वाळू मागतो, असं कळलं होतं. काठावरची रुमालात बांधून नेली. त्यानं ती चिमटीत चोळून बघितली.

"बाबा, आपोआप लागणारा नको, डांबरावर वळताना त्रास देईल. बटणाचा घ्या. वाळूत लावायचा, बाहेर आलं की सोडायचा. माणसं किती बसणार?"

"दोघं," म्या म्हणलं. मग म्हणलं, "न्हाई, एकटाच. तिला तिथंच जाळली."

तो "वाईट झालं" म्हणला न्हाई, ते बरं केलं. बोटाला चिकटलेले कण त्यानं रुमालात झटकले आन गाठ मारून दिली.

"मग लॉक राहू द्या. चाकांची हवा निम्मी करू, पसरट चाक रुतत नाही; एकट्याच्या वजनाला तेवढ्यावर जाल. पर वाळूत एकटी गाडी घालत नसतात. दिवस सांगा, माझी मागं आणतो."

आला. म्या वाळूत नैवेद्य ठेवत होतो, तवर तो लांब जीपपाशी पाठमोरा बसून माझ्या टायरकडंच बघत राहिला.