लाल चौकट

टाकीचा पाय मोडला तेव्हा सुमन टाकीखाली होती आणि मी दारात. लोखंडी टाकी, वरपर्यंत तुरीनं भरलेली. ती आडवी झाली आणि तूर अशी सांडली की सुमन दिसेनाच. आम्ही हातांनी उपसलं. आधी तिचा हात सापडला. तळवा उघडा होता, कुणाला तरी चाचपत असल्यासारखा.

ती हातानंच बघायची. लहानपणी गोवरानं डोळे गेले. लातूरला अंधशाळेत शिकली आणि चाकूरजवळच्या आमच्या बायकांच्या गटाच्या डाळ मिलमध्ये देखरेखीला लागली. मी मिलची अध्यक्ष. चौथी शिकलेली, वयानं मोठी म्हणून बसवलेली. सुमन सकाळी यायची, "जयभीम मावशी" म्हणायची आणि प्रत्येक मशीनवर तळवा ठेवत फिरायची. "ह्यो पट्टा आज खोकायलाय बघा," म्हणायची. दुपारपर्यंत पट्टा तुटायचा.

स्वभावानं गोड नव्हती. आमचा कारकून मिलचा महिन्याचा अहवाल कागदावर छापायचा, त्याचा फोटो काढायचा आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवायचा. सुमनचा मोबाईल तिला अक्षरं बोलून दाखवायचा, पण फोटो आला की नुसतं "चित्र" म्हणून गप्प. मग ती कारकुनाला फोन लावायची. "फोटो कशाला धाडला? माझं लगीन जमवायलाव का?"

शेवटी तिनं त्याला वळण लावलं. अहवाल टाईप करूनच पाठवायचा. प्रत्येक भागाला मथळा द्यायचा, म्हणजे मोबाईलला थेट तिथं जाता येतं. आलेख काढला तर तो काय सांगतो ते खाली एका वाक्यात लिहायचं. रंगानं काही दाखवलं तर शेजारी ते शब्दातही हवं. "रंग तुमाला ठेवा, मला शब्द द्या," हे तिचं ठरलेलं बोलणं.

मला ती थेरं वाटली. एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला? पण मग बैठकीत तिचा मोबाईल मधोमध ठेवून अहवाल ऐकायची पद्धत पडली. तोवर अंगठा उठवून मोकळ्या होणाऱ्या बायका प्रश्न विचारू लागल्या. मीही विचारला. अध्यक्ष होऊन सहा वर्षं झाली होती, तो माझा पहिला प्रश्न. सुमन म्हणाली, "सोय माझी झाली, अन् तोंड मावशीला फुटलं." सगळ्या हसल्या. मला राग आला होता.

यंदा हंगामाच्या तोंडावर नांदेडहून एक इंजिनिअर येऊन मिल तपासून गेला. शनिवारी त्याचा अहवाल आला. सुमनचा मोबाईल म्हणाला, "चित्र." कारकून भाचीच्या लग्नाला मुदखेडला गेलेला. सुमननं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"मावशी, काय दिसायलंय?"

"चौकटी हायत. हिरव्या, पिवळ्या. एक लाल."

"लालमंदी काय लिवलंय?"

बारीक इंग्रजी होतं. मला इंग्रजी येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण शेजारी कामावरच्या तिघी उभ्या होत्या. मी म्हणाले, "पट्ट्याचं हाय कायतरी."

सुमननं इंजिनिअरला फोन लावला. "सगळं त्यात दिलंय मॅडम, बघून घ्या," तो म्हणाला.

"दिसत न्हाई म्हणूनच इचारायलेय. शब्दात लिहून धाडा."

"गाडी चालवतोय. सोमवारी बघतो." फोन बंद.

सुमन पट्ट्यापाशी गेली, हात फिरवून आली. "पट्टा बरा हाय. लाल दुसरंच हाय कायतरी. सोमवारपोत मिल बंद ठिवू, मावशी."

"लोक तूर घिऊन दारात उभे हायत. तुज्या हाताला लाल कळतंय व्हय?" मी म्हणाले.

मिल चालू राहिली.

रविवारी सकाळी टाकी भरली. आम्ही पाचही जणी आत होतो. सुमन एकदम थांबली. "करकरायलंय. बाहेर व्हा समद्या!" आम्ही पळालो. ती मात्र आत एकेकीचं नाव घेऊन हाका मारत राहिली. कोण बाहेर पडलं हे तिला दिसणार नव्हतं, आणि आमच्यातल्या एकीनंही ओ दिली नाही. शेवटची हाक "मावशी" अशी होती. हात पुढं करून ती मला शोधत टाकीखाली गेली. मी दारात होते. मला धाप लागली होती. एक ओ द्यायला किती दम लागतो?

सोमवारी मी तिच्या घरी बसले होते. तिचा मोबाईल वाजला, तसा तिच्या आईनं तो माझ्या हातात दिला. मी बोट लावलं. तो त्याच्या सपाट आवाजात बोलला, "लाल. साठवण टाकी. मागचा डावा पाय गंजून पातळ झाला आहे. टाकी भरू नये." साधं मराठी होतं. मलाही कळलं.

चौकशीला माणसं आली तेव्हा मी सगळं सांगितलं. पट्ट्याचं खोटं सांगितलं तेही, ओ दिली नाही तेही. त्यांनी इंजिनिअरचं लिहून घेतलं. माझं म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

त्या सकाळी मिलमध्ये पाच जणी होतो. चौघी जिवंत आहोत. त्यातली एक मी.