सुचिताची निळी वायर

सुचिता भित्री आहे हे कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तिनंही ते कधी नाकारलं नाही. कशाला नाकारायचं? ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापाची होडी समुद्रावर गेली ती परत आली नाही. आई तीन दिवस वाळूत बसून होती आणि सुचिता तिच्या मांडीला चिकटून. त्या तीन दिवसांत जी भीती तिच्या अंगात शिरली ती पुन्हा बाहेर पडलीच नाही. दर्यावर जाणारा नवरा करायचा नाही, असं ठरवून तिनं अलिबागला कॉम्प्युटरचा कोर्स केला, एका ऑफिसात टायपिंगची नोकरीही धरली. आणि मग जत्रेत कान्हा भेटला. सात खलाशांच्या होडीचा तांडेल, हसला की सगळे दात दिसायचे. ठरवलेलं सगळं तिथंच बारगळलं.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. कान्हा समुद्रावर असला की सुचिताच्या घशाखाली धड घास उतरायचा नाही. तिची सासू मनुबाई अगदी उलट स्वभावाची. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याला आणि मग मुलाला दर्यावर धाडलं, पण पाठ फिरली की ती कामाला लागायची, किनाऱ्याकडे मान वळवून बघायचीसुद्धा नाही.

"बघून काय व्हतं गो?" ती सुनेला टोमणा मारायची. "तू बघतंस म्हनून वारा थांबतो काय?"

दोन वर्षांपूर्वी मच्छीमार सोसायटीनं होड्यांवर एक यंत्र बसवून दिलं. होडी कुठे आहे ते घरच्या कॉम्प्युटरवर लाल ठिपक्यानं दिसायचं, आणि चार शब्दांचा निरोप इकडून तिकडे, तिकडून इकडे धाडता यायचा. भलत्याच माणसानं उठून होडीला भलता निरोप धाडू नये म्हणून प्रत्येक होडीचं खातं एकाच कॉम्प्युटरवर उघडायचं. कान्हाच्या होडीचं खातं सुचिताच्या कॉम्प्युटरवर होतं. तेव्हापासून ती दर पाव तासानं ठिपका बघायची. वाटण वाटता वाटता उठायची, बघायची, परत येऊन वाटायची. बाया हसायच्या. हसोत बापड्या.

इंटरनेट मात्र तिच्या घराचं नव्हतं. मागे टेकडी असल्यानं मोबाईलला रेंज नावापुरती. केबलवाल्याची लाईन रस्त्याकडेच्या घरापर्यंत आलेली, तिथं तिची धाकटी जाऊ तेजस्वी राहायची. किहीमच्या दोन-तीन कॉटेजांचं बुकिंग तेजस्वी घरबसल्या बघायची. तिच्या राउटरमधून निघालेली निळी वायर अंगण ओलांडून, दोन माडांना धरून, किनाऱ्याकडच्या सुचिताच्या घरात यायची. दोन घरं, दोन कॉम्प्युटर, कनेक्शन एक. कुरकुर कधी झाली नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी साडेतीनला सोसायटीच्या कर्ण्यावरून आवाज आला, "रात्री दहाच्या सुमाराला जोराचा वारा हाय, होड्या मागं बोलवा." जवळच्या होड्यांना वायरलेसवर कळलं, त्या वळल्याही. कान्हा मात्र दूर गेला होता, वायरलेस पोचत नाही तिथं. त्याला कळवायचं ते सुचिताच्या कॉम्प्युटरवरूनच.

तिनं धावत येऊन लिहिलं, "वारा येतोय. मागे फिरा." आणि बटण दाबलं. निरोप जाईना. बारीक चक्र नुसतं गरगर फिरत राहिलं. तिची नजर ठिपक्यावर गेली. दोन वाजता होता तिथंच होता. सव्वातीनपर्यंत दर पाव तासानं बघितला, तेव्हाही तिथंच. जाळी टाकून थांबले असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आता खालच्या कोपऱ्यात तिला नेटच्या चिन्हावर फुली दिसली. म्हणजे ठिपका दोन वाजताचा होता, आणि होडी आता कुठं आहे हे तिला माहीतच नव्हतं. दीड तास आपण मेलेल्या पडद्याकडे बघून निर्धास्त होतो.

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. फुली तशीच. वायर काढून परत खोचली, टक् आवाज येईपर्यंत. फुली तशीच. मग ती अनवाणी तेजस्वीकडे पळाली.

"तुजं नेट हाय काय गो?"

"हाय की. आत्ताच बुकिंग घेतलं," तेजस्वी म्हणाली, आणि सुचिताचा चेहरा बघून उठून उभी राहिली. "काय झालं ताई?"

सुचिता राउटरपुढे वाकली. तिच्या निळ्या वायरीच्या खाचेपुढचा दिवा विझलेला. वायर तिनं शेजारच्या खाचेत घालून बघितली, तरी दिवा लागला नाही. म्हणजे राउटर ठीक, बिघाड वायरीतच. कुठंतरी या घरापासून त्या घरापर्यंत.

मग तिनं जाळं तपासतात तशी वायर तपासायला घेतली. एका हातातून दुसऱ्या हातात घेत, बोटांनी चाचपत, पहिल्या माडापर्यंत आली. तिथवर वायर धड होती. दुसऱ्या माडाशी ती खाली ओढलेली दिसली. घराच्या मागच्या बाजूला बांबूला दोन वेढे देऊन करकचून गाठ मारलेली, होडी बांधतात तशी, आणि पुढे ताणलेल्या वायरीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले ओले बोंबील. पन्नासेक तरी असतील.

मनुबाई टोपल्यातला पुढचा बोंबील उचलत होती.

"आई, ही वायर कुनी बांदली?"

"मीच. जुनी दोरी कुजली व्हती. ही बरी घट हाय, कुजायची न्हाय." मग सुनेकडे बघून तिचा हात थांबला. "का गो?"

सुचितानं सांगितलं. मनुबाईच्या हातातला बोंबील खाली पडला. तिनं स्वतःच दात लावून गाठ सोडवली, बोंबील मातीत गेले तरी बघितलं नाही. पण गाठ सुटली तिथं वायर चपटी होऊन मोडली होती, आतल्या बारीक तारा तुटून बाहेर आल्या होत्या. त्या जोडायला माणूस यायचा तो अलिबागहून, तोही उद्या. चार वाजून गेले होते.

सुचिता मोडक्या वायरीकडे बघत उभी राहिली. वाळूत बसलेली आई तिला दिसली, आणि मांडीला चिकटलेली आपण. आता ओरडावं की रडावं हे कळेना. मग तिला सुचलं: नेट इकडे येत नाही, तर कॉम्प्युटर तिकडे न्यायचा.

पडदा तेजस्वीकडे होताच. तिनं सगळ्या वायरी उपटल्या आणि कॉम्प्युटरचा डबा मासळीच्या टपात ठेवला. काखेत धरून न्यायला तो जड, सटकला असता. मनुबाईनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून सुनेच्या डोक्यावर ठेवली आणि टप उचलून दिला.

"मान ताठ ठेव. खाली बघू नको, मी बघतंय."

अंगणात शिंपल्यांचा थर, त्यावर बोंबलांचं पाणी. एक पाय सरकला असता तर कान्हाचं खातं तिथंच फुटलं असतं. सासू पुढे वाकून शिंपले हातानं बाजूला सारत चालली होती, सून मागून एकेक पाऊल टाकत होती. कोळीवाड्यातल्या बायांनी बघितलं, पण हसलं कुणी नाही.

तेजस्वीनं आपला पडदा जोडला. कॉम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं लागली. चार वाजून पस्तीस मिनिटांनी निरोप गेला. ठिपका उडी मारून पुढे गेला, आणखी दूर, खोल पाण्यात. उत्तर नाही. पावणेपाच. पाच. सुचिताच्या तळव्यांना घाम सुटला होता, ती पदराला पुसत होती आणि तो परत सुटत होता. मनुबाई पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं.

पाच वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं. "फिरलो."

सुचिता जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडली.

होडी खाडीत शिरली तेव्हा वारा नुकताच सुटला होता. सकाळी किनाऱ्यावरचे दोन माड आडवे झालेले दिसले. कान्हा भाकरी खायला बसला, पण हसला नाही.

"सवापाचला जाली सोडनार व्हतो," तो म्हणाला. "सोडली असती तर वडायला चार तास. मंग कुठले आमी." जरा थांबून त्यानं विचारलं, "नेटला काय झालतं?"

चुलीपुढे मनुबाईचा भाकरी थापणारा हात जागीच थांबला.

"वायर जुनी झाली व्हती," सुचिता म्हणाली आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.

पुढच्या आठवड्यात नवी वायर आली. ती उंच, कुणाचा हात पोचणार नाही अशी नेली. कान्हा परत समुद्रावर गेला. सुचिता वाटण सोडून ठिपका बघायला उठली, तर मनुबाई आधीच पाट घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलेली.

"वायरीचा हिरवा दिवा लागलाय न गो?"

"लागलाय, आई."

"ठिपका हलतोय?"

"हलतोय."

मनुबाईनं मान डोलावली. सुचिता वाटणाकडे वळली तशी सासूनं तिचा पदर धरला.

"परत बघ," ती म्हणाली.